चिखलशर्यतीच्या बातमीतून प्रायोजकाचे नाव का गाळता?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रबाळे औद्योगिक वसाहतीत मी गेली बावीस वर्षे ऑइल सील (यंत्राचा फिरता दांडा बाहेर येतो तिथून तेल गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी) आणि रबराचे इतर लहान भाग बनवण्याचा कारखाना चालवतो. खेळांविषयी वृत्तपत्राला पत्र लिहावे अशी माझी कोणतीही पात्रता नाही. शाळेत लंगडीच्या संघातही मला राखीव खेळाडू म्हणूनच घेत असत. परंतु दोन वर्षांपासून मी ऐरोलीच्या एका हौशी स्पर्धकाचा प्रायोजक आहे आणि त्या नात्याने आपल्यापुढे एक गाऱ्हाणे मांडत आहे. हा तरुण एटीव्हीच्या चिखलशर्यतीत भाग घेतो. एटीव्ही म्हणजे घोड्यावर मांड टाकावी तसे बसून, मोटारसायकलसारख्या हँडलने वळवायची, फुगीर टायरांची चारचाकी. पर्यटनस्थळी पैसे घेऊन पाच मिनिटांची फेरी मारायला देतात त्या गाडीची ही थोरली बहीण. शर्यतीत मात्र तिला गुडघाभर, काही ठिकाणी कमरेएवढ्या चिखलातून ठरलेला मार्ग कमीत कमी वेळात पार करावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात मुरबाड तालुक्यातील एका शर्यतीत हा मुलगा हौशी गटात दुसरा आला. निकालाची प्रत आणि एक छायाचित्र त्याने आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीकडे आणि आणखी दोन वृत्तपत्रांकडे पाठवले. इतरांनी काहीच छापले नाही आणि आपण चार ओळी छापल्या, त्यामुळे तक्रार आपल्याकडेच करताना मला संकोच वाटतो. पण त्या चार ओळींतून ‘प्रायोजक’ या शब्दासकट त्यापुढचे नाव गेले होते आणि छायाचित्र छातीवर, नेमकी जिथे शर्टावरची अक्षरे सुरू होतात तिथे, कापले होते. त्याने विचारणा केली तेव्हा, प्रायोजकाचे नाव छापणे ही जाहिरात ठरते आणि ती हवी असल्यास जाहिरात विभागाकडून दरपत्रक मिळेल, असे त्याला सौजन्याने सांगण्यात आले. हे उत्तर मला अगदीच चुकीचे वाटत नाही. बातमी आणि जाहिरात यांच्यातली भिंत राखली पाहिजे, हे पन्नास रुपयांच्या चहापाण्यात काय काय छापून येऊ शकते हे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. माझे म्हणणे इतकेच आहे की, ही भिंत लहान माणसापुढे उंच होते आणि मोठ्या माणसापुढे ती दिसतसुद्धा नाही.

मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून अनेक वर्षे स्टँडर्ड चार्टर्ड मुंबई मॅरेथॉन या नावाने छापली गेली आणि २०१८ पासून ती टाटा मुंबई मॅरेथॉन या नावाने छापली जाते. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात मोटारसायकलींच्या सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा लीगच्या नावाची सुरुवातच मुळी सिएट या टायर कंपनीच्या नावाने होत होती. मोठा प्रायोजक स्पर्धेच्या नावातच जाऊन बसतो, आणि नाव तोडता येत नाही म्हणून ते बातमीच्या मथळ्यापर्यंत पोहोचते. दहीहंडीचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. २०१२ साली जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा मनोरा रचला आणि गिनीज बुकात नोंद मिळवली. अशा हंडीचे छायाचित्र छापताना थरांतल्या प्रत्येक गोविंदाच्या पाठीवर कोणा दादांचे, कोणा बिल्डरचे किंवा कोणा ज्वेलरचे नाव असते, आणि मागचा फलक तर थरांपेक्षाही रुंद असतो. नऊ थर छातीवर कापता येत नाहीत, हे मी समजू शकतो. मात्र एकट्या मुलाचा फोटो कापणे सोपे असते, म्हणून तो कापला जातो, असा याचा अर्थ होतो.

हा मुलगा माझ्याकडे प्रथम आला तेव्हा त्याच्या हातात रंगीत छपाईची अकरा पानी फाइल होती. तिच्यात गाडीची छायाचित्रे होती, इन्स्टाग्रामवरचे आकडे होते आणि शेवटच्या पानावर तीन लाख रुपयांची मागणी होती. बदल्यात माझ्या ब्रँडला प्रसिद्धी मिळेल, असे त्यात लिहिले होते. मी त्याला विचारले, ‘‘अरे, माझे ऑइल सील कोणी दुकानात जाऊन नाव सांगून मागत नाही. ते पंप बनवणारे, पॉवर टिलर बनवणारे घेतात, आणि तेही नमुना तपासून, पैशापैशाची घासाघीस करून. तुझ्या शर्टावर माझे नाव वाचून कोण मला ऑर्डर देणार?’’ त्याला उत्तर देता आले नाही. चहा घेऊन तो गेला आणि हा विषय संपला असे मी समजलो. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा हातात फाइल नव्हती, एक प्लॅस्टिकची पिशवी होती. ‘‘काका, हे बघा,’’ म्हणून त्याने ती माझ्या टेबलावर उलटी केली. तिच्यातून त्याच्या गाडीच्या मागच्या डिफरेन्शियलचे, म्हणजे चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणाऱ्या, तेल भरलेल्या पेटीचे, फाटलेले, चिखलाने भरलेले पाच ऑइल सील पडले. त्याने फक्त एवढेच विचारले की, एका शर्यतीत हे फाटतात, तर तुम्हाला यापेक्षा टिकाऊ बनवता येतील का? अकरा रंगीत पानांना जे साधले नव्हते ते त्या पिशवीने साधले, कारण आता तो मला काही विकत नव्हता, माझ्या धंद्यातला एक प्रश्न माझ्यापुढे ठेवत होता.

याचे महत्त्व समजण्यासाठी चिखलात गाडीचे काय होते ते थोडे सांगावे लागेल, आणि हा माझ्या आवडीचा विषय असल्याने थोडे जास्तच सांगितले जाईल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. एटीव्हीच्या टायरात मोटारीच्या टायरासारखी तीसेक पीएसआय हवा भरत नाहीत, पाच ते सात पीएसआयच्या आसपास ठेवतात, म्हणजे टायर पसरून चिखलावर बसतो. चिखलाच्या टायरांना खोल, लांब अंतरावरचे दात असतात, जेणेकरून फिरताना अडकलेला चिखल झटकला जावा. इंजिनाला हवा घेणारी नळी आणि पट्ट्याच्या गिअरबॉक्सला थंड करणारी नळी या दोन्ही हँडलच्या उंचीपर्यंत वर आणाव्या लागतात, त्याला स्नॉर्कल म्हणतात. रेडिएटर मूळ जागी, खाली पुढच्या बाजूला राहू दिला तर पहिल्याच खड्ड्यात त्याच्या जाळीवर लिंपण बसते आणि इंजिन तापते, म्हणून तो पुढच्या कॅरिअरवर चढवतात. ही सगळी कामे पवने किंवा तुर्भ्याच्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरला जमतात.

ऑइल सीलचा प्रश्न मात्र अवघड आहे. डिफरेन्शियल पळून पळून गरम झालेले असते आणि त्याच अवस्थेत गाडी थंड पाण्याच्या डबक्यात उतरते. आतली हवा एकदम आकसते. गरम भाजी भरलेल्या डब्याचे झाकण थोड्या वेळाने निघता निघत नाही, ते ज्या कारणाने, त्याच कारणाने आत ओढ तयार होते आणि सीलच्या ओठाखालून, म्हणजे शाफ्टला चिकटून बसणाऱ्या त्याच्या कडेखालून, पाणी आत खेचले जाते. सील साधारणपणे आतले तेल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेले असते. बाहेरचे पाणी आत ओढले जाईल, ही अपेक्षा त्याच्याकडून केलेली नसते. पाण्याबरोबर बारीक वाळू येते, ती ओठाखाली अडकते आणि फिरणाऱ्या शाफ्टवर कानशीसारखी चालते. शाफ्टवर एकदा खाच पडली की नवा सीलही तिथे टिकत नाही. शर्यतीनंतर तेल काढले तर ते ताकासारखे पांढरट निघते, आणि ते पाहून किती नुकसान झाले आहे ते कळते. पेटीतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी श्वासनळी, म्हणजे ब्रीदरची नळी, उंच नेली तर ओढ कमी होते, हे त्या मुलाला ठाऊक होते आणि त्याने ते केलेही होते. पण नळीत चिखल बसला की उपाय संपतो.

आम्ही त्याला आधी दोन ओठांचा सील दिला, तो दोन शर्यतींत गेला. मग दोन ओठांच्या बाहेर धुळीसाठी तिसरा ओठ आणि मधल्या खाचेत ग्रीस, असा साचा बनवला. हा सील पुढच्या तीन शर्यती टिकला आणि चौथ्या शर्यतीनंतर काढला तेव्हाही तेल स्वच्छ होते. आता हेच सील मी पॉवर टिलर बनवणाऱ्या एका ग्राहकाला नमुन्यादाखल दिले आहेत. भाताच्या खाचरात चिखलणी करताना टिलरच्या चाकाच्या सीलवर हाच प्रसंग येतो, फक्त त्याला वेग कमी आणि दिवस जास्त असतात. माझ्याकडे चाचणीचे यंत्र आहे. त्यावर शाफ्ट फिरतो, तेल तापते, आकडे लिहिले जातात. पण शहापूर-मुरबाडच्या जुलैतला चिखल मी त्या यंत्रात आणू शकलो नव्हतो. तो मला या मुलाने आणून दिला. अशा रीतीने त्याला काय मिळाले आणि मला काय मिळाले याचा हिशेब मांडायला बसलो तर घेणेकरी कोण आणि देणेकरी कोण, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर आकडाही सांगतो. पहिल्या वर्षी सील आणि मी माझ्या घाऊक दराने आणून दिलेली बेअरिंगे, तीन शर्यतींचे प्रवेशशुल्क, रेडिएटरच्या बैठकीचे फॅब्रिकेशन आणि छोटा हत्तीचे भाडे मिळून माझे एकतीस हजार रुपये खर्च झाले. बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी झालेली नसते, त्यामुळे ऐरोलीहून मुरबाडला त्या टेम्पोत चढवूनच न्याव्या लागतात, म्हणून भाडे हा या खेळातला ठळक खर्च आहे. दहीहंडी, गणपती, नवरात्र आणि मधले वाढदिवस यांसाठी माझ्या नावाने जितक्या पावत्या फाडल्या जातात, त्यांची वर्षाची बेरीज याहून मोठी आहे. त्या पावत्यांबद्दल मला कोणी कधी अकरा पानी फाइल दाखवली नाही आणि मीही काही विचारले नाही. उद्योजक हौशी खेळाडूंना मदत करत नाहीत, हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. आम्ही पैसे देतो, पण जो दारात उभा राहून मागतो आणि ज्याला नाही म्हणणे अवघड असते, त्याला देतो.

ज्या देशात या शर्यती जुन्या आहेत तिथली रीत या मुलानेच मला समजावून सांगितली. अमेरिकेत एटीव्हीच्या हौशी गटातल्या स्पर्धकाला बहुधा रोख रक्कम मिळतच नाही. टायर, पट्टे, क्लच, सस्पेन्शन बनवणारे त्याला आपला माल सवलतीत देतात, आणि ही सवलत मिळवण्यासाठी तो हंगाम सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी आपल्या निकालांची माहिती त्यांच्याकडे पाठवतो. शिवाय, ठरावीक कंपनीचा माल वापरून पहिल्या काही क्रमांकांत आल्यास त्या कंपनीकडून बक्षिसाची रक्कम देण्याच्या योजना असतात. म्हणजे आधी माल वापरायचा, मग निकाल दाखवायचा, आणि मग पैसे. आपल्याकडचे तरुण याच्या उलट टोकाने सुरुवात करतात. पहिली भेट, पहिली मागणी, आणि तीही रोख. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत आपली वृत्तपत्रे वेळोवेळी छापतात आणि छापावीच. पण तो एका गुरूचा त्याग होता. तो डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक कारखानदाराच्या दारात गेल्यास निराशाच पदरी पडणार, कारण कारखानदार हा खर्डेकर नसतो आणि त्याने तसे असण्याची गरजही नाही.

या फाइलींमध्ये आणखी एक गैरसमज हमखास आढळतो, आणि त्याचा खुलासा कोणीतरी छापणे आवश्यक आहे. ‘आपल्या सीएसआर निधीतून मदत करावी’ असे वाक्य मला आजवर तीन तरुणांनी लिहून दिले आहे. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा बंधनकारक खर्च. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार सीएसआरचे बंधन ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीलाच लागू होते. रबाळे, महापे, पवने पट्ट्यातले आमच्यासारखे शेकडो गाळे त्या मर्यादेच्या आसपासही नाहीत. ज्या मोठ्या कंपन्या मर्यादेत बसतात, त्यांच्याबाबत २०२१ साली सुधारलेल्या नियमांनी स्पष्ट केले आहे की, आपल्या मालाला किंवा सेवेला विपणनाचा लाभ मिळावा म्हणून केलेले प्रायोजकत्व सीएसआर धरले जाणार नाही. राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचे प्रशिक्षण त्या निधीत बसते, शर्टावरचे नाव बसत नाही. तेव्हा त्याच पत्रात सीएसआर मागायचा आणि प्रसिद्धीचे आश्वासनही द्यायचे, हे आपल्याच अर्जाला आपणच कात्री लावण्यासारखे आहे. प्राप्तिकरातली ‘८०जी’ची सूट मिळेल, असेही एकाने लिहिले होते. ती सूट मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, एखाद्या व्यक्तीला दिलेल्या पैशांवर मिळत नाही. प्रायोजकत्व हा माझ्या दृष्टीने जाहिरातीचा, म्हणजे धंद्याचा खर्च आहे, आणि तसाच तो वहीत लिहिला जातो. माझी भागीदारी संस्था असल्याने रोख प्रायोजकत्वावरचा १८ टक्के जीएसटीही ‘रिव्हर्स चार्ज’ने, म्हणजे पैसे घेणाऱ्याऐवजी देणाऱ्याने कर भरण्याच्या पद्धतीने, मलाच भरावा लागतो, हे आमच्या सीएंनी दाखवून दिले तेव्हा मलाही नवीन होते. एक लाख मागणाऱ्याने, देणाऱ्याच्या खिशातून एक लाख अठरा हजार जाणार आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हा खर्च जाहिरातीचा आहे, असे मीच लिहीत आहे, तेव्हा आपला जाहिरात विभाग माझ्याकडे बोट दाखवील याची मला कल्पना आहे. त्यावर माझे उत्तर असे की, आपण दर रविवारी पुस्तकांची परीक्षणे छापता आणि प्रत्येक परीक्षणाखाली प्रकाशकाचे नाव, पृष्ठसंख्या आणि चक्क किंमतही छापता. प्रकाशक पुस्तके विकूनच पोट भरतो, तरी त्याचे नाव छापणे ही जाहिरात आहे, असे कोणी म्हणत नाही, कारण त्याच्या पैशांशिवाय ते पुस्तक निघालेच नसते आणि वाचकाला ते कळणे रास्त आहे. चिखलशर्यतीतल्या हौशी स्पर्धकाच्या निकालाखाली एका कंसात, एकदाच, पत्ता-फोन-मालाचे वर्णन न देता प्रायोजकाचे नाव छापण्याने यापेक्षा अधिक काही घडणार नाही.

या मुलाला ते नाव छापून यायला हवे आहे ते माझ्यासाठी नव्हे, तर पुढच्या प्रायोजकासाठी. यंदा त्याला टायरांची गरज आहे, आणि ती माझ्या आवाक्याबाहेरची आहे. तुर्भ्यातल्या एका टायरविक्रेत्याकडे मी त्याला स्वतः घेऊन गेलो. त्या गृहस्थांनी मोबाइलवरच्या चित्रफिती दोन मिनिटे पाहिल्या, आणि नंतर, ‘‘पेपरात काही आले असेल तर दाखव,’’ असे म्हटले. त्याने आपल्या पुरवणीचे कात्रण काढून दिले. त्यांनी ते नीट वाचले आणि परत देताना विचारले, ‘‘यात तर यांचे नाव कुठे नाही. उद्या माझेही येणार नाही ना?’’ या प्रश्नावर आम्हा दोघांनाही काही बोलता आले नाही. समाजमाध्यमांवर कितीही हजार लोकांनी पाहिले तरी आमच्या पिढीच्या दुकानदाराचा विश्वास अजून छापील कात्रणावर आहे. या विश्वासाचे मोल आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

आपल्या बाजूची एक रास्त अडचण मला दिसते. उद्या कोणीही उठून शेतात चार गाड्या फिरवील, निकाल म्हणून कागद पाठवील आणि त्याखाली आपल्या मेव्हण्याच्या दुकानाचे नाव लिहील. यासाठी चाळणी तयार आहे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, ही केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता असलेली संघटना शर्यतींना परवाना देते आणि तिच्या अधिकृत स्पर्धेत उतरणाऱ्याला स्पर्धकाचा परवाना घ्यावा लागतो. ज्या शर्यतीला हा परवाना आहे, तिच्यातल्या पहिल्या तीन क्रमांकांपुरतेच प्रायोजकांचे नाव छापावे, असा नियम आपण केल्यास मेव्हण्यांची दुकाने आपोआप बाहेर राहतील, आणि एक लाभ असाही होईल की, आज जे तरुण परवान्याच्या भानगडीत पडत नाहीत ते पडू लागतील.

हा लाभ किरकोळ नाही. पामबीच मार्गावर मध्यरात्री मोटारसायकली पळवणाऱ्यांची बातमी आपण ठळक छापता. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या परवानगीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे ती बातमी छापणे योग्यच आहे. पण ज्याने गाडी टेम्पोत घालून नेली, परवाना काढला, छाती-मानेचे संरक्षक आणि हेल्मेट चढवले आणि रुग्णवाहिका उभी असलेल्या मैदानातच शर्यत लढवली, त्याला चार ओळी, आणि ज्याने रस्त्यावर जिवाशी खेळ केला त्याला पहिले पान, हा हिशेब सतरा-अठरा वर्षांच्या पोराला लवकर समजतो.

प्रायोजकांनाही या चाळणीची गरज आहे, हे माझ्या बंधूउद्योजकांसाठी लिहितो. मी या मुलाशी दोन पानांचा साधा करार केला आहे, आणि त्यातल्या तीन-चार अटी सील-बेअरिंगांपेक्षा महत्त्वाच्या आहेत. परवाना नसलेल्या शर्यतीत माझे नाव शर्टावर घालायचे नाही. स्वतःचा अपघात विमा शर्यतीचा धोका धरून आहे की नाही हे आधी दाखवायचे, कारण मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतून संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, आणि ती बारीक अक्षरे अपघातानंतरच वाचली जातात. खाडीकाठच्या चिखलात सरावासाठीसुद्धा उतरायचे नाही. ऐरोलीच्या मुलाला चिखल म्हटल्यावर आधी खाडी आठवते, त्यात त्याचा दोष नाही, पण ठाण्याची खाडी २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि तिथले कांदळवन कायद्याने संरक्षित आहे. तिथे टायर फिरले आणि शर्टावर माझे नाव असले तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सराव मुरबाडच्या वरकस जमिनीत, मालकाच्या लेखी परवानगीने आणि शेजारच्या खाचरांत लावणी सुरू नसताना करायचा. शेवटची अट त्याच्या आईने घालायला लावली. बारावीच्या पुरवणी परीक्षेत राहिलेला विषय सुटेपर्यंत हंगामात दोनच शर्यती. ती त्याने पाळली आणि विषय सुटला.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, संपादक मंडळाने या एका बाबीवर विचार करून काय तो निर्णय घ्यावा आणि तो ‘नाही’ असा असला तरी पुरवणीत एकदा छापावा. नियम काय आहे हे कळले तर पुढच्या वेळी दुकानदारापुढे कात्रण ठेवताना त्या मुलाला खाली मान घालावी लागणार नाही. आधीच स्पष्ट सांगता येईल. त्याची पुढची शर्यत जुलैत आहे. टायर त्याआधी मिळाले नाहीत तर गेल्या वर्षीच्या झिजलेल्या टायरांवरच तो उतरणार आहे, आणि सील तेवढे नवे असतील.

माझे व कारखान्याचे नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडले आहेत. ते या पत्राखाली छापू नयेत. छापले तर जाहिरात विभागाचे म्हणणे खरे होते, असे लोक म्हणतील.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक
रबाळे, नवी मुंबई